सात लाख सोडून पाच लाखांवर का?

इंदिरानगर, नाशिक

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलेत, “सात लाख वीस हजार सोडून पाच लाख चाळीस हजारांवर का जातोस?” मी बसमध्ये होतो, नीट उत्तर देता आले नाही. फोन ठेवल्यावर तुमचा आवाज दुखावल्यासारखा वाटत राहिला, म्हणून हे पत्र.

दोन्ही नोकऱ्या विक्रीच्याच. पिकांची औषधे-खते बनवणाऱ्या कंपनीने कागदावर वर्षाला सात लाख वीस हजारांचा मोठा आकडा लिहिला आहे, पण तो सगळा पगार नव्हे. त्यात महिन्याला 30,000 रुपये ठरलेले, कंपनीने भरायचा भविष्य निर्वाह निधीचा वाटा वर्षाला 21,600 रुपये आणि उरलेले 3,38,400 रुपये हा इन्सेन्टिव्ह, म्हणजे टार्गेट पूर्ण झाले तरच मिळणारा. निधीचा माझा वाटा आणि व्यवसाय कर वजा जाता महिन्याला हातात साधारण 28,000 येतील. पाच लाख चाळीस हजारांची नोकरी देणारी, इथल्या अंबडची कंपनी शीतगृहाची यंत्रे बनवते. तिथे महिन्याला पगार 40,000, हातात 38,000, निधीचा कंपनीचा वाटा तेवढाच आणि इन्सेन्टिव्ह वर्षाला फार तर 38,400.

एवढ्यावरून मी पहिली नोकरी नाकारली नसती, कारण दिंडोरी-निफाडचा भाग आपला आहे आणि रोज संध्याकाळी घरी येता आले असते. मला अडवले ते त्यांच्या पत्राच्या दुसऱ्या पानावरच्या अटीने. दुकानदाराचे पैसे 90 दिवसांत कंपनीकडे जमा झाले, तरच त्या मालावर इन्सेन्टिव्ह मिळणार आहे. तुम्हाला हे समजावून सांगायला नको. द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची, सप्टेंबर-ऑक्टोबरात, डाऊनी रोगावरच्या फवारण्या त्याच्या पाठोपाठ, माल उतरतो जानेवारीपासून एप्रिलपर्यंत आणि व्यापाऱ्याचे पैसे त्याही नंतर. बाग विकल्याशिवाय शेतकरी दुकानदाराला देत नाही, आणि शेतकऱ्याकडून आल्याशिवाय दुकानदार कंपनीला देत नाही. मग ऑक्टोबरात गेलेल्या मालाचे पैसे जानेवारीत कुठून येणार? पिंपळगावच्या एका दुकानदाराने मला उधारीची वही उघडून दाखवली. ऑक्टोबरातल्या बहुतेक नावांपुढे जमेचा रकाना मार्चपर्यंत कोरा होता. ही मुदत 180 दिवसांची करून तसे लेखी द्यावे, अशी विनंती मी कंपनीला केली. तिथले साहेब म्हणाले, “एवढे कोणी बघत नाही, तुमचे होऊन जाईल.” लेखी मात्र काही आले नाही.

बाबा, 2014 च्या फेब्रुवारी-मार्चातली गारपीट तुम्ही विसरला नसाल. मी तेव्हा नववीत होतो. बाग झडून पडली होती आणि आठवडाभराने वसुलीसाठी एक मुलगा आपल्या ओट्यावर येऊन बसला. आईने त्याच्यापुढे चहा ठेवला. चहावर साय धरली तरी त्याने कप उचलला नाही. वहीचा कोपरा दुमडत आणि पुन्हा सरळ करत तो बसून राहिला, आणि पैशांचा शब्दही न काढता उठून गेला. पुढच्या हंगामात त्याच्या जागी दुसराच आला. त्या मुलाचे काय झाले असेल, हे मी तेव्हा विचारले नव्हते. ती अट वाचली तेव्हा मला पहिल्यांदा तोच आठवला. आपल्याच ओळखीच्या माणसांच्या ओट्यावर असे बसणे मला जमणार नाही.

अंबडच्या कामात वसुली विक्री करणाऱ्याच्या गळ्यात नाही. मागणीबरोबर आगाऊ रक्कम येते आणि बाकीचे पैसे यंत्र कारखान्याबाहेर पडण्यापूर्वी. गिऱ्हाईक म्हणजे पॅकहाऊसवाले, द्राक्षे पेट्यांत भरून पाठवणारे. कॉम्प्रेसरचे मला अजून फारसे कळत नाही, ते शिकावे लागेल. पण काढलेला घड वेळेवर गारव्यात गेला नाही तर देठ कसा सुकतो, हे मी आपल्याच बागेत पाहिले आहे, आणि तेच तर गिऱ्हाइकाला सांगायचे आहे.

आई, तुझी काळजी रास्त आहे. महिन्यातले आठ-दहा दिवस तासगाव, पंढरपूरकडे फिरती असेल आणि तेवढे दिवस जेवण बाहेरचेच होईल. बाबांच्या गुडघ्याच्या तपासणीची तारीख आधी कळव, म्हणजे त्या दिवशी मी फिरती ठेवणार नाही.

अंबडच्या कंपनीला सोमवारपर्यंत होकार कळवायचा आहे. शनिवारी संध्याकाळी दोन्ही कंपन्यांची पत्रे घेऊन घरी येतो. बाबा, चष्मा लावून दुसरे पान तुम्ही स्वतः वाचा, आणि माझ्या हिशेबात कुठे चूक दिसली तर स्पष्ट सांगा.

तुमचा लेक