कुणाला दावायलीस?

औसा

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीत तू आपल्या फोटो स्टुडिओचं इन्स्टाग्रामवर खातं काढून दिलंस आणि परवा फोनवर विचारलंस, "पप्पा, तीन महिन्यांत एकच पोस्ट?" मी नुसतं 'बघू' म्हणालो. फोनवर तू घाईत असतेस, म्हणून लिहितोय.

त्या एका पोस्टला ४२ लाईक आले, त्यातले निम्मे आपल्याच पाव्हण्यांचे. गिऱ्हाईक एकही आलं नाही. पण राग त्याचा नाही. (थोडा आहे. लोक प्रिंट काढेनात, दुकान पासपोर्ट फोटोवर कसंबसं चाललंय.) मला कळत नाही ते असं, की एवढे फोटो टाकून ठेवलेत, ते उद्या कुणाला लागले तर सापडतील का?

भूकंपाच्या वेळी तू जन्मली नव्हतीस. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजायला आले होते. गणपती बोळवून गावं झोपली होती. किल्लारी, सास्तूर, तिकडची दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर बसली. जवळपास १० हजार माणसं गेली. महिनाभरानं लोक दुकानात यायला लागले. "तुमच्याकडं फोटो काढला होता, त्याची फिल्म असंल का हो?" एक माणूस तीनदा आला. बायकोचा एकच फोटो होता, तो घरासंगं गाडला गेला. त्यांच्या भावकीतल्या लग्नात मी फोटो काढले होते, एवढंच त्याला आठवत होतं. मी खोक्यातली पाकिटं उपसत बसायचो. तिसऱ्या खेपेला ती सापडली, चौघींच्या घोळक्यात, तोंड अर्धं वळलेलं. तेवढंच तोंड मोठं करून दिलं. दाणे फुटलेला प्रिंट, माझ्या हातचा सगळ्यात वाईट असेल. तो माणूस काउंटरपाशी उभ्यानं कितीतरी वेळ बघत राहिला.

आता तुझ्या मामाचं बघ. कॉलेजचे सगळे फोटो ऑर्कुटवर टाकले होते. ऑर्कुट बंद झालं तेही ३० सप्टेंबरलाच, २०१४ साली. फोटो उतरवून घ्या, अशी सूचना आधी दिली होती आणि पुढंही दोन वर्षं मुदत होती. मामा म्हणाला, "उतरवू निवांत." अजून उतरवतोय.

चूक मामाचीच, कबूल. पण मी फोटोचे पैसे फोटो काढून घेणाऱ्याकडूनच घ्यायचो, म्हणून निगेटिव्ह जपणं माझ्यावर होतं. तिथं पैसे जाहिरातवाला देतो. मग तुझा फोटो दहा वर्षांनी सापडावा, याची काळजी कुणी कशाला करावी? इन्स्टाग्रामची स्टोरी तर २४ तासांत जाते. २०१६ पासून फोटो तारखेच्या क्रमानंही आपोआप समोर येत नाहीत, तुला कशानं खिळवून ठेवता येईल त्या हिशोबानं येतात. फेसबुकनं २०१२ साली इन्स्टाग्राम १०० कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं, तेव्हा तिथं १३ माणसं होती. आपल्या गल्लीतल्या लग्नात यापेक्षा जास्त वाढपी असतात.

आणि ते फिल्टर! प्रिंट नीट धुतला नाही, हायपो (फोटो पक्का करायचं रसायन) राहिला, की फोटो पिवळा पडतो. तो पडू नये म्हणून मी थंडीत पाण्यात हात घालून तासन्‌तास धुवायचो. तुम्ही चांगला फोटो घेऊन बोटानं पिवळा करता. आमची नामुष्की तुमची फॅशन झाली.

काहीच उपयोग नाही असं नाही. मागच्या गल्लीतली शिवणकामवाली ब्लाऊजच्या गळ्यांचे रील टाकते, तिला लातूरहून ऑर्डरी येतात. तिला ठाऊक आहे कुणाला दाखवायचं.

वेळ अमावस्येला रानात पूजेला गेलो, तेव्हा कडब्याच्या खोपीपुढं तू आजीला तीनदा आंबिल ओतायला लावलंस. एकदा ऊन आडवं आलं, एकदा आवाज नीट आला नाही. भज्जी गार झाली. आजी म्हणाली, "आगं, खा की आधी. कुणाला दावायलीस?" तू हसलीस. मीही हसलो. मग घरी येऊन तुझ्या खात्यावर ते बघितलं. २० सेकंदांत आंबिल होतं, खोप होती, आजीचे हात होते, वर कसलंतरी गाणं होतं. आजीचं तोंड नव्हतं. तिनं पूजेत म्हटलेलं 'ओलगे ओलगे' सुद्धा गाण्याखाली दडपलेलं.

पण त्या दिवशी तू एक साधा फोटोही काढला होतास, आजी खोपीच्या तोंडाशी बसून बाजरीचा उंडा मोडतेय तो. तो कुठंच टाकला नाहीस. त्याची मूळ फाईल पाठव. व्हॉट्सॲपवर पाठवलास तर डॉक्युमेंट म्हणून पाठव, नुसता पाठवलास की तो बारीक करून टाकतो. आठ बाय दहाचा काढतो, दोन प्रती. एक तुझ्या पुण्याच्या खोलीत लाव.

आजीला सांगितलं, तर विचारतेय, डोईवरचा पदर नीट आहे का त्यात. तेवढं बघून कळव.

तुझे,
पप्पा