तीन वर्षांच्या पायांना इन्सोल कशाला?

महोदय,

बुटात घालायचे इन्सोल बनवणे हा माझा धंदा. त्यामुळे हे पत्र म्हणजे आपल्याच पायावर धोंडा, असे घरच्यांचे मत आहे. तरी लिहितो.

हल्ली बालवाड्यांतून पायांच्या मोफत तपासणीची शिबिरे भरतात. मूल काचेच्या यंत्रावर उभे राहते, तळव्याचा लाल-पिवळा नकाशा छापून निघतो आणि खाली शेरा असतो : ‘फ्लॅट फूट, इन्सोल आवश्यक’. तो कागद घेऊन धास्तावलेले आईवडील माझ्याकडे येतात. मूल जेमतेम तीन वर्षांचे!

अहो, या वयात तळवा सपाटच दिसणार. कमानीच्या जागी चरबीची गादी असते, सांध्यांचे बंध सैल असतात, त्यामुळे वजन पडले की पाऊल आत बसते. ऑस्ट्रियातील 835 मुलांची पाहणी 2006 मध्ये प्रसिद्ध झाली. तीन वर्षांच्या मुलांत सपाट पाऊल 54 टक्के, सहा वर्षांच्या मुलांत 24 टक्के. ज्याला खरोखर आजार म्हणावा असे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी.

साचा घेण्याआधी मी मुलाला भिंतीला हात टेकवून चवड्यांवर उभे करतो आणि आईवडिलांना मागे जमिनीवर बसून बघायला सांगतो. टाचा उचलल्या की बाहेर कललेली टाच आत वळते आणि मघापर्यंत नसलेली कमान डोळ्यांदेखत उभी राहते. मुलाचा अंगठा हाताने वर उचलला तरी तेच. असे लवचीक पाऊल दुखत नसेल, तर मी माप घेत नाही. काही पालक यावर नाराज होतात. ‘पण रिपोर्टमध्ये लिहिलंय’ म्हणतात. इन्सोल बुटात असेपर्यंत पावलाला आधार देतो, कमान घडवत नाही. 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत काही मुलांना तीन वर्षे खास बूट आणि इन्सोल दिले, काहींना काहीच नाही. कमान सगळ्यांचीच सुधारली, सारखीच.

उलट मणिपालच्या डॉक्टरांनी 2300 मुलांच्या पावलांचे ठसे तपासून 1992 मध्ये जे मांडले ते बोलके आहे : बूट-चपला वापरणाऱ्यांत सपाट पाऊल 8.6 टक्के, अनवाणी वावरणाऱ्यांत 2.8. बंद बुटांत प्रमाण सर्वाधिक. घरात तरी पोरांना अनवाणी खेळू द्या.

मात्र पाय दुखतो म्हणून मूल खेळ सोडून बसत असेल, चवड्यांवरही कमान येत नसेल, पाऊल ताठ असेल, एकच पाय सपाट असेल किंवा टाचेमागची शीर आखडलेली असेल, तर थेट अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. पावलाची हाडे जन्मतः जोडलेली असतील तर दुखणे अनेकदा आठ-दहा वर्षांनंतर डोके वर काढते. दुखऱ्या पायाला इन्सोलने आराम पडू शकतो. डॉक्टरांनी सांगितले तर तो मी जरूर बनवतो.

शिबिरांच्या अहवालावर मुलाचे वय, दुखते की नाही आणि चवड्यांवर कमान आली का, या तीन नोंदी तरी सक्तीच्या कराव्यात. आणि शिबिरासाठी वर्ग मोकळा करून देण्याआधी शाळांनी विचारावे, की पाय तपासणारा आणि इन्सोल विकणारा एकच आहे का?

– एक ऑर्थोटिक्स तंत्रज्ञ