सिबिलचा आकडा आणि बँकेची तिजोरी: केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय अर्थमंत्री,
नवी दिल्ली

विषय: सरकारी बँकांच्या भरतीतील पतइतिहासाची अट

सप्रेम नमस्कार.

सरकारी बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या 2023 च्या लिपिक भरतीत किमान 650 सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून काढलेला गुणांक, मागितला होता. पुढच्या वर्षी तो आकडा काढला, पण रुजू होताना पतइतिहास चांगला हवा आणि किमान स्कोअर त्या त्या बँकेच्या धोरणाप्रमाणे राहील, असे कलम ठेवले. आता उमेदवाराला अर्ज भरताना हा आकडाही कळत नाही. स्टेट बँकेच्या एका अधिकारी भरतीतली अट याहून कडक होती. 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. कर्ज आधीच फेडले होते, हा उमेदवाराचा मुद्दा तिथे टिकला नाही, कारण थकबाकीची नोंदच नको, अशी ती अट होती.

अटीमागची भीती खोटी नाही. कर्जात बुडालेल्या माणसाच्या हाती रोकड आणि ग्राहकांची खाती देताना कोणतीही बँक दोनदा विचार करणारच. आमचा आक्षेप मोजपट्टीवर आहे. 300 ते 900 मधला स्कोअर सांगतो तो एवढेच, की या माणसाला नवे कर्ज दिले तर ते थकण्याची शक्यता किती. क्रेडिट कार्डाची मर्यादा जवळपास पूर्ण वापरली तरी तो उतरतो, चार ठिकाणी कर्जाची चौकशी केली तरी उतरतो. दानतीबद्दल त्यातून काही कळत नाही.

नोंद बिघडते कशी, तेही पाहावे. शैक्षणिक कर्जाचे हप्ते साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्याचे ते वर्ष अभ्यासिकेतच जाते. हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की खाते अनुत्पादक (एनपीए) ठरते. नातेवाईकाच्या कर्जाला जामीन राहिलेल्याच्या पतअहवालातही ते कर्ज दिसते. सर्वांत फसवी नोंद ‘सेटल्ड’ची. वसुलीवाला निम्म्यात मिटवून देतो, पोराला वाटते सुटलो, पण अहवालात ‘क्लोज्ड’, म्हणजे पूर्ण फेडले, असे येत नाही. मग उरलेली रक्कम भरायची, ना-देय दाखला घ्यायचा आणि नोंद बदलायला लावायची. तक्रारीनंतर दुरुस्तीला 30 दिवसांची मुदत आहे, पुढे दिवसाला 100 रुपये भरपाई. तोवर रुजू होण्याची तारीख टळली, तर त्या शंभर रुपयांचे त्याने काय करायचे?

न्याय्य कसोटी सरकारच्याच दप्तरी 1964 पासून पडून आहे. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियमांतला नियम 17 दिवाळखोरी आणि सततच्या कर्जबाजारीपणाचा आहे. हे कर्ज नेहमीची दक्षता बाळगूनही आधी दिसू न शकलेल्या किंवा आपल्या हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे झाले, उधळपट्टीमुळे नाही, हे कर्मचाऱ्याने सिद्ध करायचे असते. सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर आहे, पण निदान बाजू मांडता येते. बाहेरून येणाऱ्या उमेदवाराला तेवढेही नाही. लोकसेवा आयोगाच्या सदस्यालासुद्धा संविधानाच्या अनुच्छेद 317 नुसार या कारणाने पदावरून काढायचे, तर आधी तो दिवाळखोर ठरलेला असावा लागतो. लिपिकाला मात्र एक थकलेले कार्ड पुरते.

गोपनीय माहिती हाताळणाऱ्या पदांसाठी अमेरिकेत कर्जाची तपासणी आपल्याहून कसून होते. अर्जात गेल्या सात वर्षांत 120 दिवसांहून जास्त थकलेली देणी लिहावी लागतात. पण निर्णय घेताना नोकरी गेली होती का, घरात आजारपण होते का, फेड मनापासून सुरू केली का, हे पाहणे 2017 पासून लागू असलेल्या निकषांत लिहिलेले आहे. स्कोअरची किमान रेषा त्या निकषांत नाही.

म्हणून मागणी अशी, की बँकांनी आकड्याऐवजी नोंदी वाचाव्यात आणि शैक्षणिक कर्ज व जामीनकी वेगळ्या काढाव्यात. प्रतिकूल नोंद असेल तर नेमणूक मागे घेण्याआधी नियम 17 च्या धर्तीवर लेखी खुलासा घ्यावा आणि दुरुस्तीची तक्रार दाखल असल्यास रुजू होण्याची मुदत 60 दिवसांनी वाढवावी. किमान स्कोअर ठेवायचाच असेल, तर प्रत्येक बँकेचा आकडा जाहिरातीतच छापावा.

आणि खरी जोखीम प्रवेशद्वारावर नाही. नव्या लिपिकाच्या हाती पहिल्या दिवशी तिजोरी एकट्याने येत नाही. ती दोन किल्ल्यांची, संयुक्त ताब्याची असते. डोईजड कर्ज बहुधा पुढे होते: घराचा हप्ता, शेअर बाजारातले ऑप्शन्स, मोबाइलवरचा सट्टा. केंद्रीय दक्षता आयोग संवेदनशील पदांवरच्या माणसांची ठरावीक काळाने बदली करायला सांगतो. त्याच बदलीच्या वेळी, नव्या पदावर बसवण्याआधी, कर्जनोंदी पाहाव्यात आणि वार्षिक मत्ता व दायित्व विवरणाशी ताडून घ्याव्यात. तिथे जे देणे लपवलेले सापडेल, त्यावर जरूर कारवाई करा.

आपले,
बँक भरतीच्या उमेदवारांना कर्जनोंदींबाबत मार्गदर्शन करणारे आम्ही काही जण