ब्रेक पॅड बदलताना पिस्टन मागे कसा न्यायचा

कोल्हापूर

प्रिय सुन्या,

तुझं पत्र मिळालं. फोनवरच सांगितलं असतं, पण तुला लिहून हवंय म्हणजे तू कागद चाकाशेजारी ठेवून कामाला बसणार हे उघड आहे. तर ऐक.

गाडीचे नवे ब्रेक पॅड बसत नाहीत म्हणून दुकानदारावर चिडू नकोस, माल बरोबर दिलाय त्याने. जुने पॅड झिजत गेले तसा कॅलिपरचा (म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याचा) पिस्टन बाहेर येत गेला. नवा पॅड जाड, त्याला जागा हवी, म्हणून पिस्टन परत आत घालवायला लागतो.

तो बाहेर येतो कसा तेवढं समजून घे, मग बाकीचं आपोआप कळेल. पिस्टनभोवती चौकोनी काटछेदाचं एक रबरी सील असतं. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे जातो आणि सील त्याच्याबरोबर जरासं वाकतं. पाय काढला की सील सरळ होतं आणि पिस्टनला केसभर मागे ओढतं. पॅड झिजला की पिस्टन सीलमधून थोडा पुढे घसरतो आणि तिथेच नवं ठाण मांडतो. म्हणून पुढच्या डिस्क ब्रेकला ॲडजस्टमेंटचा नटच नसतो.

पिस्टन पुढे आला की त्याच्या मागच्या जागेत ब्रेक ऑइल भरतं आणि बॉनेटखालच्या टाकीतली पातळी उतरते. गळती नसताना ती हळूहळू उतरली तर पॅड झिजलेत असं समजायचं. पण सर्व्हिसिंगला गाडी दिली की कोणीतरी काळजीपोटी ती मॅक्सच्या रेघेपर्यंत भरून टाकतो. मग पिस्टन मागे गेला की तेवढं सगळं ऑइल उलट वर येतं आणि झाकणातून वाहतं. हे ऑइल रंग खातं. तेव्हा आधी पातळी बघ. काठोकाठ असेल तर मेडिकलमधून मोठी सिरिंज आणून थोडं काढून घे. सांडलंच तर पुसत बसू नकोस, तांब्याभर पाणी ओत, धुऊन जातं.

झाकण सैल कर, पण उघडं टाकू नकोस. हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं आणि तुमच्या सावंतवाडीच्या पावसाळ्यात ओलाव्याला काय तोटा! ताजं डॉट ४ दर्जाचं ऑइल निदान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरला की हाच आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. आंबोलीचा घाट न्यूट्रलवर उतरणारे, म्हणजे सगळा भार ब्रेकवर टाकून ते तापवणारे लोक मला माहीत आहेत (तूही त्यातलाच), म्हणून मुद्दाम लिहितोय.

आता मुख्य काम. गाडी सपाट जागेवर, मागच्या चाकांना दगड, आणि नुसत्या जॅकवर भरवसा नाही, खाली घोडी (जॅक स्टँड) लाव. कॅलिपर सोडवलास की तो रबरी पाइपावर लोंबकळत ठेवू नकोस, तारेने स्प्रिंगला बांध. पिस्टनच्या तोंडाशी रबरी बूट असतो. त्याच्या आसपासची माती आधी ब्रशने साफ कर, नाहीतर ती पिस्टनबरोबर आत जाईल. पेट्रोल-डिझेल तिथे लावू नकोस, रबर फुगतं. मग जुना आतला पॅड पिस्टनवर आडवा धर आणि त्यावर सी-क्लॅम्प (स्क्रूने आवळायचा शिकंजा) लाव. पॅडमुळे दाब सगळीकडे सारखा पडतो आणि पिस्टन तिरका होत नाही. लोक मोठा स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटतात, त्यात कधी डिस्कवर ओरखडे पडतात, कधी बूट फाटतो. क्लॅम्प पाव-पाव फेऱ्याने फिरव.

इथे हाताला काय लागतंय त्याकडे नीट लक्ष दे. पिस्टन जड पण एकसारखा, संथ आत गेला तर तो ठणठणीत आहे. मध्येच अडला तर जोर लावू नकोस. तुझा मेकॅनिक म्हणाला ना, ‘पूर्ण कॅलिपरच बदला’? पैसे मोजण्याआधी एवढं कर: कॅलिपरवरच्या निपलला (हवा काढायच्या छोट्या तोटीला) पारदर्शक नळी लाव, तिचं दुसरं टोक थोडं ऑइल घातलेल्या बाटलीत बुडव, निपल अर्धा फेरा सैल कर आणि पुन्हा क्लॅम्प फिरव. आता पिस्टन सहज गेला तर कॅलिपर निर्दोष आहे, ऑइलला परत जायची वाट वरच कुठेतरी बंद आहे. बहुतेक वेळा रबरी पाइप आतून फुगलेला असतो, बाहेरून नवाकोरा दिसला तरी. निपल उघडूनही पिस्टन हलेना, तर मात्र तो गंजलाय आणि मेकॅनिकचं बरोबर आहे. निपल सोडवायला रिंग पानाच वापर, आणि आदल्या रात्री गंज सोडवायचं स्प्रे मारून ठेव, निपल मोडलं तर नसती आफत. क्लॅम्प सोडण्याआधी निपल घट्ट कर म्हणजे हवा आत शिरणार नाही.

काहीजण प्रत्येक वेळी निपल उघडूनच पिस्टन दाबतात, म्हणजे तळातलं काळं ऑइल एबीएसच्या युनिटकडे उलटं जात नाही. मला ते पटतं, पण ऑइल दर दोन वर्षांनी बदलत असशील तर त्याची फारशी गरज नाही. तू बदललं नसशील, मला खात्री आहे.

कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या काढून बघ. कोकणात त्या हमखास आखडतात आणि एकाच बाजूचा पॅड झिजतो. पुसून सिलिकॉन ग्रीस लाव, साधं बेअरिंगचं नको.

एका वेळी एकच चाक उघड. आणि कॅलिपर सुटलेला असताना पोरांना गाडीत चढू देऊ नकोस. कोणी पेडल दाबलं तर पिस्टन थेट बाहेर येईल.

सगळं बसवलंस की इंजिन चालू करण्याआधी पेडल दाबत राहा. पहिल्यांदा ते तळाला टेकेल, घाबरू नकोस, पिस्टन पॅडपर्यंत पोचतोय. पेडल कडक झाल्याशिवाय गाडी जागची हलवायची नाही. मग टाकीतली पातळी बघ आणि झाकण लाव. पहिले काही दिवस करकचून ब्रेक मारू नकोस.

वहिनींच्या गाडीला मागेही डिस्क आहे असं लिहिलंस. तिला क्लॅम्प लावू नकोस. हँडब्रेकची यंत्रणा त्याच कॅलिपरमध्ये असेल तर पिस्टन फिरवत आत न्यावा लागतो, त्याचं हत्यार वेगळं. बटणाचा हँडब्रेक असेल तर आधी स्कॅनर लावून तो सर्व्हिस मोडला टाकावा लागतो. मॉडेल आणि साल कळव. फिरवायचं हत्यार माझ्याकडे आहे, एसटीने पाठवतो.

तुझा,
बाळ्या