बुसरा कोंबडीच्या पालकांची नोंद करा : पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : बुसरा कोंबडीच्या पालकांची गावनिहाय नोंद करून त्यांच्यात पैदाशीच्या नरांची व अंड्यांची देवाणघेवाण सुरू करण्याबाबत.

माननीय महोदय,

सविनय नमस्कार. मी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर तालुक्यात राहतो. आमच्या घरी पूर्वापार बुसरा जातीच्या कोंबड्या आहेत. येत्या हंगामासाठी मला याच जातीचा एक नर हवा आहे. तो माझ्या कळपाच्या नात्यातला नसावा आणि त्यात गिरिराज किंवा अन्य सुधारित जातीचे रक्त आलेले नसावे, एवढीच माझी अट आहे. असा नर तालुक्यात कोणाच्या ना कोणाच्या अंगणात नक्की असेल, परंतु तो कोणाच्या अंगणात आहे हे सांगू शकेल अशी एकही नोंदवही, एकही कार्यालय किंवा एकही व्यक्ती मला सापडलेली नाही. माझी ही अडचण माझ्यापुरती असती तर आपला वेळ घेतला नसता. बुसरा पाळणाऱ्या प्रत्येक घराची आज हीच अडचण आहे आणि या जातीचे पुढे काय होणार हे तिच्यावरच ठरणार आहे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने देशी कोंबडीच्या ज्या मोजक्या जातींची अधिकृत नोंद केली आहे, त्यांत बुसरा आहे. ही जात महाराष्ट्र आणि गुजरात या दोन राज्यांच्या नावावर असून तिचे मूळ क्षेत्र म्हणजे आमचा नवापूर-नंदुरबारचा पट्टा आणि सीमेपलीकडील उच्छल, सोनगढ, निझर हा भाग. पक्षी लहान ते मध्यम चणीचा आणि अंगाने हलका असतो. पूर्ण वाढलेल्या पक्ष्याचे वजन साधारण एक किलोच्या आसपास भरते. बहुतेक पक्ष्यांचा रंग पांढरा असतो, त्यात मानेवर, पाठीवर व शेपटीत काळी पिसे आणि खांद्यावर व पंखांवर तांबूस-तपकिरी छटा असते. कोंबडी वर्षाला चाळीस ते पंचावन्न अंडी देते. हा आकडा कागदावर फार कमी दिसतो, आणि विभागाच्या योजनांमध्ये बुसराला स्थान न मिळण्याचे तेच कारण असावे. परंतु ही कोंबडी विकतचे खाद्य मागत नाही, घार दिसताच पिल्लांना पंखाखाली घेते, आणि मुख्य म्हणजे स्वतः खुडूक होऊन स्वतःची अंडी उबवते. गिरिराजसारखी सुधारित कोंबडी याच्या दुप्पट-तिप्पट अंडी देते हे मान्यच आहे, पण ती खुडूक होत नसल्यामुळे पुढच्या खेपेला पिल्ले पुन्हा विकत आणावी लागतात. ज्या घरात हाती रोख पैसा वर्षातून एकदोनदाच येतो, त्या घरासाठी हा फरक फार मोठा आहे.

नात्याबाहेरच्या नराचा आग्रह का, हे स्पष्ट केले पाहिजे. आमच्याकडे एका घरी आठ-दहा माद्या आणि एखादा नर असतो. त्या नराच्या मुली मोठ्या झाल्या की त्याच नराखाली किंवा त्यांच्याच भावाखाली जातात. सख्ख्या भावंडांचा संकर झाला की पुढच्या पिढीत अंतःप्रजननाचे, म्हणजे नात्यातल्या संकराचे, प्रमाण एकदम 25 टक्के होते. त्याचा परिणाम अंगणातही दिसतो. कोंबडी एकवीस दिवस नेटाने बसते, पण बारापैकी निम्मी अंडी फुटतच नाहीत, आणि जी पिल्ले निघतात त्यांतली काही पहिल्याच आठवड्यात माना टाकतात. पालकाला वाटते की अंडी खराब होती किंवा वीज कडाडली, आणि तो वैतागून बाजारातून दुसऱ्या जातीची पिल्ले आणतो. पैदासशास्त्रात कळपाची खरी संख्या डोकी मोजून ठरत नाही, नर किती यावर ती फार अवलंबून असते. विभागाच्या तलंगा (अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या) गट वाटप योजनेतील 25 माद्या व 3 नर हेच उदाहरण घेतले, तर तो गट दिसायला 28 पक्ष्यांचा असला तरी आनुवंशिक हिशेबात सुमारे 11 पक्ष्यांएवढाच भरतो. दर पिढीला अंतःप्रजनन एक टक्क्याच्या आत राखायचे असेल तर हा हिशेबी आकडा किमान 50 असावा लागतो. एकट्या पालकाला हे कधीही शक्य नाही. वीस-पंचवीस घरांनी एकमेकांना नर दिले तर मात्र ते सहज शक्य आहे. देशी जात टिकवण्यासाठी मोठ्या फार्मपेक्षा एकमेकांची ओळख असलेली छोटी घरे अधिक उपयोगी पडतात, असे माझे ठाम मत आहे.

आज ही घरे एकमेकांपासून तुटली आहेत. पूर्वी मुलगी सासरी जाताना सोबत कोंबडी जाई, नातलगांकडे अर्धेलीने पक्षी पोसायला दिले जात, आणि त्या वाटेने नवे रक्त आपोआप गावोगाव फिरत असे. मग 2006 चा फेब्रुवारी आला. देशातील पहिला बर्ड फ्लू 18 फेब्रुवारी 2006 रोजी आमच्या नवापुरातच जाहीर झाला. त्यानंतर लाखो पक्षी नष्ट करण्यात आले, आणि त्यांत व्यावसायिक फार्मच्या पक्ष्यांबरोबर बाधित क्षेत्रातील घरोघरच्या गावरान कोंबड्याही होत्या. शेजारच्या उच्छलमध्येही तेच झाले. रोगाला आळा घालण्यासाठी ते आवश्यक होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र ज्या पट्ट्यात ही कत्तल झाली तोच बुसराचा मूळ पट्टा आहे, ही गोष्ट कोठेही विचारात घेतली गेली नाही. नुकसानभरपाई पक्ष्यामागे मिळाली, परंतु रिकाम्या झालेल्या खुराड्यांमध्ये बुसराच परत यावी यासाठी काहीही करण्यात आले नाही. 2021 मध्ये नवापुरात पुन्हा बर्ड फ्लू आला आणि पुन्हा लाखो पक्षी मारावे लागले. तिसऱ्यांदा असे घडले आणि तोपर्यंत उरलेल्या पालकांची नावे कोणाकडेच नसली, तर या जातीतले नेमके काय गेले हेसुद्धा सांगता येणार नाही.

नवा नर मिळवण्याचा या भागात उरलेला मार्ग म्हणजे आठवडे बाजार. खांडबारा किंवा विसरवाडीच्या बाजारात कोंबड्यांच्या ओळीपाशी उभे राहिले की अडचण लगेच ध्यानात येते. पाय बांधलेले पक्षी जमिनीवर आडवे ठेवलेले असतात. त्यांत एखादा पांढऱ्या अंगाचा, काळ्या मानेचा नर दिसतो, त्याला उचलून हातावर तोलले की हलका लागतो, तुरा लहान आणि लालबुंद असतो, आणि क्षणभर वाटते की हाच तो. मग पायाच्या नळ्या पाहाव्यात तर त्या जाड निघतात, म्हणजे आजा-पणजात कोठेतरी मोठ्या जातीचा नर येऊन गेलेला असतो. नळ्याही बारीक असल्या तरी पुढचा प्रश्न सुटत नाही, कारण व्यापाऱ्याने पाच-सहा पाड्यांवरचे पक्षी एका डालग्यात भरून आणलेले असतात आणि कोणता पक्षी कोणत्या घरचा हे त्यालाही ठाऊक नसते. घर कळत नाही, म्हणून नातेही कळत नाही, आणि त्याच्या मागे असलेला संपूर्ण कळप आपल्या हातातून निसटतो. शिवाय सर्वांत देखणा नर बाजारात सहसा येतच नाही. तो नवसासाठी राखलेला असतो. त्या श्रद्धेला कोणी हात लावावा असे मी म्हणणार नाही, पण देवाला देण्यापूर्वी त्या नराची एक वीण दुसऱ्या गावात वाढावी, एवढी व्यवस्था समजावून सांगितल्यास लोक आनंदाने करतील असा माझा अनुभव आहे.

मी याबाबत एका शासकीय कार्यालयात चौकशी केली, तेव्हा तेथील मंडळींनी आपुलकीने ऐकून घेतले आणि गिरिराजच्या योजनेचा अर्ज हाती दिला. त्यांना दोष देऊन उपयोग नाही, कारण त्यांच्या नोंदीत ‘देशी’ आणि ‘सुधारित’ एवढेच रकाने होते.

म्हणून माझी पहिली आणि मुख्य मागणी नोंदीचीच आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालेली 21 वी पशुगणना जातनिहाय असून तिच्यात ब्यूरोने मान्यता दिलेल्या 219 जातींचा समावेश आहे. नवापूर, नंदुरबार आणि लगतच्या तालुक्यांत बुसरा म्हणून नोंदलेले पक्षी कोणत्या गावांत आहेत, ही गावनिहाय माहिती आपल्या विभागाने उघड करावी. ती पुरेशी असेल असे मला वाटत नाही, कारण अनेक पालकांना आपल्या कोंबडीची जात नोंदणीकृत आहे हेच माहीत नाही आणि प्रगणकाने विचारले असता ते ‘गावठी’ असेच उत्तर देतात. त्यामुळे तालुक्यातील पशुधन पर्यवेक्षकांनी ब्यूरोचे अधिकृत वर्णन व छायाचित्रे घेऊन पाड्यापाड्यावर जावे, पक्षी प्रत्यक्ष पाहावेत, पालकाच्या संमतीने त्याचे नाव, गाव, नर व माद्यांची संख्या आणि नर कोठून आणला होता एवढे लिहून घ्यावे, आणि ही नोंदवही त्या नोंदवहीतील सर्व पालकांना पाहण्यासाठी खुली असावी. मानमोडीच्या (राणीखेत रोगाच्या) लसीकरणासाठी कर्मचारी गावात येतातच. त्याच फेरीत हे काम होऊ शकते, त्यासाठी वेगळी यंत्रणा उभारावी लागणार नाही.

नोंद झाली की देवाणघेवाण सुरू करता येईल. गावांचे तीन-चार गट पाडून दरवर्षी एका गटाचे तरुण नर पुढच्या गटाला द्यावेत, माद्या जागेवरच ठेवाव्यात, म्हणजे नात्यातला संकर टाळण्यासाठी प्रत्येक पक्ष्याची वंशावळ लिहिण्याची गरज उरत नाही. रोगाच्या भीतीने पक्षी हलवणे योग्य नसेल तेव्हा अंडी द्यावीत. ताजी अंडी आठवड्याच्या आत खुडूक कोंबडीखाली ठेवली तर चांगली फुटतात, आणि खुडूक कोंबडी आमच्याकडे घरोघरी आहे. या काळात निदान नोंद झालेल्या गावांमध्ये तरी सुधारित जातीचे नर वाटू नयेत. ज्यांना अधिक अंड्यांसाठी सुधारित माद्या हव्या असतील त्यांना त्या अवश्य मिळाव्यात, मात्र नर बुसराचाच राहू द्यावा.

सीमेपलीकडचे पालक याच नोंदवहीत आले पाहिजेत. नवापूर रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, आमची सोयरीक दोन्हीकडे आहे आणि महाशिवरात्रीला देवमोगऱ्याच्या यात्रेत दोन्हीकडची माणसे भेटतात. कोंबडीची नोंद मात्र राज्याच्या हद्दीपाशी थांबते. आपण गुजरातच्या पशुसंवर्धन मंत्र्यांशी बोलून तापी जिल्ह्यातील पालकांची यादी मिळवली, तर निवडीसाठी उपलब्ध असलेल्या नरांची संख्या एकाच निर्णयाने वाढेल.

दुसरी मागणी राखीव कळपाची आहे. गाई-म्हशींचे वीर्य आणि भ्रूण गोठवून ठेवता येतात, परंतु पक्ष्यांचे अंडे तसे गोठवून ठेवता येत नाही. नराचे वीर्य गोठवता आले तरी मादीकडून येणारा वारसा त्यातून पूर्ण परत मिळत नाही. म्हणून कोंबडीची जात जिवंत कळपातच जपावी लागते, आणि तो कळप एकाच ठिकाणी ठेवणे धोक्याचे असते. नवापुरापासून दूर, एखाद्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रात किंवा महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर बुसराचा एक कळप शक्य तितक्या जास्त घरांमधून अंडी घेऊन उभा करावा. एकाच घरची शंभर अंडी नेण्यापेक्षा तीस घरांतून चार-चार अंडी नेणे कितीतरी श्रेयस्कर ठरेल.

एक भीतीही येथे मांडतो. कडकनाथ या काळ्या कोंबडीला मध्य प्रदेशातील झाबुआमुळे नाव मिळाले, 2018 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले, आणि पाठोपाठ आपल्याच राज्यात त्या नावाने शेतकऱ्यांची मोठी फसवणूक झाली. बुसराच्या बाबतीत तसे होऊ नये. आम्हाला हमीभावाने अंडी परत घेणाऱ्या कंपन्या नकोत, मोठ्या अनुदानाचे फार्मही नकोत. राष्ट्रीय पशुधन अभियानातून 50 टक्के अनुदान मिळते, पण त्यासाठी किमान 1000 मातृपक्ष्यांचा फार्म लागतो. ज्यांनी ही जात आजवर राखली त्यांच्याकडे दहा पक्षी आहेत आणि त्यांतले बहुतांश पालनाचे काम घरच्या बायका करतात. योजना आखायची असेल तर ती त्यांच्या मापाने आखावी.

पावसाळ्यापूर्वी नवापूर येथे बुसरा पालकांचा एक दिवसाचा मेळावा आपल्या विभागाने बोलवावा आणि नोंदवहीचे पहिले पान तेथेच लिहिले जावे, अशी विनंती करतो. रोगाचा धोका नको म्हणून पक्षी आणण्याचा आग्रह नसावा, पालकांनी आपल्या पक्ष्यांची छायाचित्रे आणि गावाचे नाव आणले तरी पुरे. माझ्या ओळखीच्या पाड्यांवर निरोप पोहोचवण्याची जबाबदारी मी घेतो. मेळाव्याची तारीख तालुका पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत कळवावी.

आपला नम्र,
नवापूर तालुक्यातील एक बुसरा कोंबडीपालक