आधी सेक्शन काढायला लावणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

ड्राफ्टिंगमध्ये, म्हणजे बांधकामाची ड्रॉइंग काढताना, भिंतीच्या दोन रेघा कशा ओढायच्या, दरवाज्याचा कंस कसा काढायचा, संगणकावर ड्रॉइंगचे लेयर (थर) कसे ठेवायचे, हे कुठेही शिकता येतं. तुम्ही मात्र कमर्शियल इंटिरियर शिकवताना पहिला कागद सेक्शनचा, म्हणजे जागेच्या उभ्या छेदाचा, काढायला लावलात. फर्निचरच्या लेआउटला हात लावायच्या आधी स्लॅब, बीम, डक्ट (एसीची हवा नेणारा पत्र्याचा मार्ग), पाइप आणि फॉल्स सीलिंग एकाखाली एक मांडायचं. या एका सवयीसाठी आम्ही तुमचे जाहीर आभार मानतो. नव्याने शिकणाऱ्यांनाही उपयोग व्हावा, म्हणून हिशेबासकट लिहितो आहोत.

मजला ते मजला ३६०० मिमी हे ऐकायला भरपूर वाटतं. त्यातून स्लॅब धरून ६०० खोलीचा बीम वजा केला की उरले ३०००. जमिनीचं मॉर्टर आणि टाइल मिळून ५० गेले, २९५०. बीमखालून ३०० उंचीचा डक्ट, त्याला वरखाली २५-२५ इन्सुलेशन, म्हणजे ३५०. उरले २६००. डक्टच्या आधाराचा अँगल आणि थोडी मोकळी जागा धरून ५०, लाइट आणि सीलिंगच्या ग्रिडला (पट्ट्यांच्या चौकटीला) १००. हाती आले २४५०. आणि थ्रीडी चित्रात २७०० उंची दाखवून मंजुरी घेतलेली असते! हे अडीचशे मिलिमीटर साइटवर कळले, तर तोवर डक्टचा पत्रा कापून झालेला असतो.

कागदावर कळले तर मार्ग निघतात, आणि तेही तुम्हीच दाखवलेत. डक्ट बीमला समांतर, दोन बीमच्या मधल्या खोबणीतून न्यायचा. बीम ओलांडायचाच असेल तर पॅसेजमध्ये ओलांडायचा, कारण तिथे सीलिंग खाली आलं तरी खटकत नाही. नाहीतर डक्ट चपटा करायचा. ६०० बाय ३०० ऐवजी ८०० बाय २२५ घेतला तरी क्षेत्रफळ तेवढंच राहतं आणि ७५ मिमी वाचतात. पण पत्रा जास्त लागतो, हवेला घर्षण वाढतं, म्हणून रुंदी उंचीच्या चौपटीच्या पुढे जाऊ द्यायची नाही. एसीच्या ड्रेन पाइपचा उतार तर हमखास विसरला जातो. १०० ला १ धरला तरी १२ मीटरच्या पाइपला १२० मिमी लागतात. ते सेक्शनमध्ये नसतील तर पाइप सपाट टाकला जातो आणि पाणी सीलिंगवर टपकतं.

सीलिंगचा प्लॅन आरशात पाहिल्यासारखा काढायचा, म्हणजे त्याची डावी-उजवी बाजू खालच्या प्लॅनशी जुळली पाहिजे. वर मान करून पाहिल्यासारखा उलटा काढला की सगळे लाइट चुकीच्या बाजूला जातात. ६०० च्या ग्रिडमध्ये लाइट, हवेच्या जाळ्या आणि स्प्रिंकलर एकाच कागदावर बसवायचे. तीन वेगळ्या कागदांवर तिघांनाही तोच चौकोन हवा असतो. जिप्समचं सलग सीलिंग असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह आणि डॅम्परखाली (डक्टमधली हवा कमी-जास्त करणाऱ्या पडद्याखाली) उघडता येणारं झाकण दाखवायचं.

केबिनच्या पार्टिशनबद्दलचं तुमचं म्हणणं आम्ही आजही प्रत्येक कामात तपासतो. पार्टिशन सीलिंगपाशी थांबलं तर शेजारच्या केबिनमधलं बोलणं वरच्या पोकळीतून इकडे येतं, म्हणून ते थेट स्लॅबला भिडवायचं. पण सीलिंगवरच्या पोकळीतूनच हवा परत जात असेल, तर तसं केल्यावर तिची वाट बंद होते आणि केबिन कोंदट होते. म्हणून वर आतून अस्तर लावलेला, वळण घेणारा छोटा डक्ट ठेवायचा. त्यातून हवा जाते, आवाज बराचसा अडतो.

आणि मापं! तुकड्या-तुकड्यांनी मोजून बेरीज करायची नाही. कोपऱ्यात टेपचा शून्य धरून सलग वाचत जायचं. आठ तुकड्यांत प्रत्येकी ३ मिमी चुकले तर शेवटी २४ मिमी गायब होऊ शकतात. खोलीचे दोन्ही कर्ण घ्यायचे, रुंदी दोन टोकांना आणि मध्ये अशी तीनदा घ्यायची, आणि बीमच्या खालची उंची खांबांमधल्या प्रत्येक गाळ्यात वेगळी मोजायची.

पॅसेज १५०० लिहिला की तो कुठून कुठे, हेही लिहायचं. वीट ते वीट १५०० असेल तर दोन्हीकडचं १२ मिमी प्लास्टर जाऊन १४७६ उरतात, त्यावर पॅनेलिंग आलं की आणखी कमी. व्हीलचेअर वळायला १५०० चं वर्तुळ लागतं. तेव्हा 'फिनिश ते फिनिश' हे शब्द त्या मापाच्या शेजारीच हवेत.

टाइलचं उदाहरण तुम्ही फळ्यावर काढलं होतंत, ते जसंच्या तसं देतो. खोली ३७०० रुंद, टाइल ६०० ची. एका भिंतीपासून सुरुवात केली तर सहा पूर्ण टाइल आणि शेवटी १०० ची पट्टी. मध्यावर आणलं तर दोन्हीकडे पन्नास-पन्नासच्या चिंध्या, त्या कापताना तुटतात. म्हणून पाच पूर्ण टाइल मध्ये घ्यायच्या आणि दोन्ही कडांना ३५० चे तुकडे, म्हणजे अर्ध्या टाइलपेक्षा मोठे. (सांध्यांची जाडी शेवटच्या तुकड्यांत सामावते.) सुरुवातीचा बिंदू बाणाने दाखवला नाही, तर कारागीर दारापासून सुरू करतो. त्यात त्याची चूक नाही, ती कागदाची आहे.

कॅडचं, म्हणजे संगणकावरच्या ड्रॉइंगचं, तुम्ही थोडक्यात उरकलंत, तेही बरोबरच होतं. मॉडेल १:१ मध्ये, म्हणजे खऱ्या मापात; कापलेली भिंत ०.५ मिमीच्या रेघेत, फर्निचर ०.२५, हॅच (आतली रेघांची भरणी) ०.१३. छापल्यावर अक्षर २.५ मिमीपेक्षा लहान नको. ए१ वरचं १:५० चं ड्रॉइंग ए३ वर छापलं की १:१०० होतं, म्हणून प्रत्येक शीटवर स्केलची पट्टी काढायची.

फर्निचरच्या ड्रॉइंगवर तुमचं लाल पेन दोनच ठिकाणी थांबायचं. एक, प्लायला समोर लॅमिनेट असेल तर मागेही हवं, नाहीतर शटर (कपाटाचं दार) वाकतं. दोन, भिंत ते भिंत कपाट असेल तर दोन्ही कडांना २५ मिमीची पट्टी सोडलेली हवी, कारण भिंत ओळंब्यात नसते आणि ती पट्टी जागेवर तासून बसवता येते. ती पट्टी आम्ही आजही न चुकता काढतो, सर. मनापासून आभार.

आपले,
तुमच्याकडे ड्राफ्टिंग शिकलेले आम्ही सगळे