वयाचा रकाना कोरा ठेवणाऱ्या पंचांना

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

हे पत्र पाकिटात घालून तुमच्या हातात दिलं असतं, तर "अगं, यात काय एवढं" म्हणत तुम्ही ते न फोडताच स्कोअरशीटच्या गठ्ठ्याखाली सरकवलं असतं. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. दुसरं कारण असं की करोनानंतर भारतीय टेबल टेनिस कसं सावरलं हे सांगताना सगळे पदकं मोजतात. मोजावीतच, मीही मोजते. पण आमच्या जिल्ह्यात हा खेळ कसा तगला हे ठाऊक असलेली माणसं फार थोडी आहेत, आणि ज्यांच्यामुळे तगला ते स्वतःहून कधी बोलणार नाहीत.

15 मार्च 2020 चा रविवार तुम्हाला आठवत असेल. मस्कतला ओमान ओपनच्या अंतिम सामन्यात आपल्या शरथ कमलने पोर्तुगालच्या मार्कोस फ्रेटासला हरवलं. वय 37, आणि असं आंतरराष्ट्रीय विजेतेपद त्याला तब्बल दहा वर्षांनी मिळत होतं. तुम्ही लगेच फोन केलात, "उद्या पोरांना हे सांगायचं हं, दहा वर्षं थांबला तो." सांगायचं राहूनच गेलं. त्याच आठवड्यात आपल्या हॉलला कुलूप लागलं. मार्चच्या शेवटी बुसानला जागतिक सांघिक स्पर्धा होणार होती. ती पुढे गेली, पुन्हा पुढे गेली आणि वर्ष संपता संपता रद्दच झाली. आंतरराष्ट्रीय संघटनेचं वेळापत्रक कोरं, आपल्या महासंघाचं कोरं, राज्याचं कोरं आणि आपल्या कपाटाच्या दारावर चिकटवलेलं जिल्ह्याचंही कोरं.

पुढे हॉल विलगीकरणासाठी घेतला गेला. त्याबद्दल आपण कोणीच तक्रार केली नाही, करण्यासारखं काही नव्हतंच. टेबलं मात्र मागच्या पडवीत उभी करून ठेवली होती आणि त्यावर अख्खा पावसाळा गेला. हॉल परत मिळाला तेव्हा कडांचं प्लाय फुगलेलं. कोपऱ्याकडे टाकलेला चेंडू उसळतच नव्हता, बसत होता. मुलांच्या बॅटांची रबरं कडक पडलेली, चेंडूला पकड म्हणून राहिली नव्हती. मला त्या दिवशी रडू आलं होतं. तुम्ही खिशातून नेट गेज काढलंत, जे त्यातल्या त्यात बरं टेबल होतं त्यावर नेट लावलंत आणि ती सव्वापंधरा सेंटिमीटर भरते का ते तपासलंत. खेळायला कोणी नसताना!

पण मला आभार मानायचे आहेत ते त्याआधीच्या महिन्यांसाठी. तुमच्या त्या वहीसाठी.

टाळेबंदीत तुम्ही मागच्या दोन वर्षांच्या सगळ्या स्कोअरशीट खाली काढल्यात आणि जिल्ह्यात खेळलेल्या प्रत्येक मुलामुलीचं नाव एका लांब वहीत उतरवलंत. नाव, जन्मतारीख, आत्ताचा वयोगट, पुढच्या वर्षीचा वयोगट. आम्ही बाकीचे तेव्हा स्पर्धा कधी सुरू होणार, हॉलचं भाडं कोण भरणार, चेंडू कुठून आणायचे यातच अडकलो होतो. तुम्ही ती वही माझ्यापुढे धरलीत आणि काही नावांखाली लाल रेघ दाखवलीत. "ही बघ. ही मुलं या वर्षी आपल्या गटात सगळ्यात मोठी होती. म्हणजे हे त्यांचं वर्ष होतं. आता हॉल उघडेल तेव्हा ती वरच्या गटात सगळ्यात लहान असतील. न खेळताच वर ढकलली जातील. ती सोडणार खेळ."

हे मला तोवर खरंच दिसलं नव्हतं. रद्द झालेली स्पर्धा पुढच्या वर्षी भरवता येते. चौदाव्या वर्षी न खेळलेली स्पर्धा त्या मुलीला परत कशी देणार? त्यात 2021 पासून वयोगटच बदलले. बाराखालचा जाऊन तेराखालचा आला, अठराखालचा जाऊन एकोणिसाखालचा. आपण नक्की कुठल्या गटात, हे आईवडिलांनाही उमगेना. महासंघ असो वा जिल्हा संघटना, तिचं खरं नुकसान या लाल रेघांमध्ये होतं असं मला आज ठामपणे वाटतं. हे नुकसान लगेच दिसतही नाही. पाच-सहा वर्षांनी राज्याच्या संघात एका विशिष्ट वयाची मुलं कमी का, असा प्रश्न कोणाला तरी पडतो, आणि तोवर उत्तर सांगणारं कोणी उरलेलं नसतं.

तुम्ही वही लिहून थांबला नाहीत. रोज संध्याकाळी सातला व्हॉट्सॲपवर एक प्रश्न टाकायचात. रॅलीत मोकळा हात टेबलाला लागला तर गुण कोणाचा? चेंडू बॅटला न लागता बॅट धरलेल्या बोटाला लागून पलीकडे गेला तर? पहिल्याचं उत्तर पोरांनी पटकन दिलं, समोरच्याचा. दुसऱ्यावर दोन दिवस भांडणं चालली. मनगटाच्या खालचा बॅटचा हात लागला तर फटका वैध असतो, हे तुम्ही सांगितल्यावर एकाने "सर, मग माझा मागच्या वर्षीचा गुण द्या" असं लिहिलं होतं. वेळमर्यादेच्या नियमावर तर तुम्ही आठवडाभर घेतलात. दहा मिनिटं झाली आणि दोघांचे मिळून अठरा गुणही झाले नाहीत, तर तो लागू होतो. मग सर्व्हिस आळीपाळीने एकेक, आणि समोरच्याने तेरा वेळा चेंडू परतवला की गुण त्याचा. आमच्या मुलांनी हा नियम प्रत्यक्षात कधी पाहिलेला नव्हता. घरात कोंडलेली मुलं तेरा फटके मोजायच्या गप्पा मारत होती. मी शॅडो प्रॅक्टिसचे, म्हणजे चेंडूविना फटक्यांच्या सरावाचे, आणि फूटवर्कचे व्हिडिओ पाठवत होते, त्याला फारसं कोणी उत्तर देत नसे. तुमच्या प्रश्नाला मात्र सात वाजून एक मिनिटाने उत्तरं सुरू. खेळता येत नसलं तरी आपण खेळाडू आहोत, एवढं त्या प्रश्नांनी त्यांच्या मनात जिवंत ठेवलं.

मग 2021 चा फेब्रुवारी आला. महासंघाने पंचकुल्याला राष्ट्रीय स्पर्धा घेतली. दुहेरी आणि सांघिक सामने वगळून फक्त एकेरी, महिलांच्या लढती आधी आणि पुरुषांच्या नंतर, म्हणजे हॉलमध्ये एका वेळी माणसं कमी. मनिका बत्रा जिंकली. साथियनने शरथला हरवून पहिल्यांदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. आम्ही निकाल वाचले, तुम्ही पद्धत वाचलीत. ती बातमी कापून घेऊन तुम्ही आपल्या बैठकीला आलात आणि म्हणालात, "महासंघ एकेरीपुरती राष्ट्रीय स्पर्धा घेऊ शकतो, तर आपण रविवारी चार टेबलं लावू शकत नाही का?"

आणि तुम्ही पुढे ठेवलेल्या त्या प्रवेश अर्जावर वयाचा रकाना कोरा होता. बैठकीत आक्षेप आले. बारा वर्षांचा मुलगा सतरा वर्षांच्या मुलीशी खेळणार, मग रँकिंगचं काय, ड्रॉ कसा काढायचा? तुम्ही शांतपणे ऐकलंत आणि एवढंच सांगितलंत की रँकिंग पुढच्या वर्षी लावू, या वर्षी सगळ्यांना फक्त सामने मिळू देत. वर्षानुवर्षं जन्मदाखले भिंगातून तपासणारे तुम्ही, वयचोरीवर सगळ्यात जास्त चिडणारे तुम्ही, आणि तुम्हीच वय विचारू नका म्हणत होतात. म्हणूनच बाकीच्यांना ते पटलं असावं.

त्या रविवारांचे नियम मला अजून पाठ आहेत. चेंडूवर फुंकर मारायची नाही, नेटजवळ टेबलाला हात पुसायचा नाही, हात मिळवायचा नाही, लांबूनच बॅट उंचावायची. पुढे टोकियोत ऑलिम्पिकपटूंनाही चेंडूवर फुंकर आणि टेबलाला हात पुसणं बंद होतं, तेव्हा आमची पोरं टीव्हीसमोर "हे तर आपलंच" म्हणून ओरडली. घामेजला हात टेबलावर पुसायची सवय हाडीमाशी खिळलेली असते, ती मोडायला किती वेळा सांगावं लागतं हे खेळलेल्यालाच कळेल. तुम्ही प्रत्येक वेळी सांगितलंत. मास्कमधून, त्याच आवाजात, न रागावता.

त्या लाल रेघांमधल्या एका मुलीबद्दल लिहायलाच हवं. नाव लिहीत नाही, तुम्हाला कळेलच. तिने बॅट कपाटाच्या माथ्यावर टाकली होती आणि तिच्या आईने मला सांगितलं होतं की आता ती विषयसुद्धा काढू देत नाही. तुम्ही तिला खेळायला बोलावलं नाहीत. स्कोअर पलटायला माणूस नाही, तेवढं दोन तास बस, असा निरोप पाठवलात. ती आली. तुमच्या शेजारी खुर्ची टाकून बसली. तिसऱ्या की चौथ्या रविवारी मध्येच ती तुमच्या कानाशी लागली, "सर, तो सर्व्हिस करताना चेंडू वर टाकतच नाहीये, तळहातातूनच मारतोय." तुम्ही लेट दिलात, म्हणजे गुण न मोजता सर्व्हिस पुन्हा करायला लावलीत, मुलाला ताकीद दिलीत आणि तिच्याकडे वळून म्हणालात, "तुझी सर्व्हिस दाखव बरं त्याला." बॅट आणायला ती घरी पळत गेली. मी दारात उभी होते, म्हणून हे मला माहीत आहे. ती पुढे राज्य विजेती वगैरे झाली नाही. ती विद्यापीठाच्या संघातून खेळली, पंचांची राज्य परीक्षा पास झाली आणि आज आपल्याच स्पर्धांत पंचाच्या खुर्चीवर बसते. तुमच्या वहीतल्या लाल रेघांपैकी सगळ्या पुसल्या गेल्या असं मी म्हणणार नाही. काही मुलं गेलीच. पण जी राहिली, ती त्या कोऱ्या रकान्यामुळे राहिली.

पुढची वर्षं देशाच्या टेबल टेनिसला भरभरून देणारी ठरली. ऑगस्ट 2021 मध्ये भाविना पटेलचं पॅरालिम्पिक रौप्य, त्यानंतर दोहाला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत पुरुष संघाचं कांस्य, तेही 1976 नंतर पहिल्यांदा. मधल्या काळात महासंघालाही धक्के बसले. 2022 च्या फेब्रुवारीत दिल्ली उच्च न्यायालयाने कारभार प्रशासक समितीकडे सोपवला. त्या अस्थिर वर्षातही शिलाँगला राष्ट्रीय स्पर्धा झाली, शरथने दहावं विजेतेपद घेतलं, बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल सुवर्णं आली. डिसेंबरात निवडणूक होऊन मेघना अहलावत महासंघाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या आणि आठ वेळचे राष्ट्रीय विजेते, आपल्या मुंबईचे कमलेश मेहता सरचिटणीस. त्या वर्षभरात मी तुम्हाला कितीदा विचारलं, "सर, वर काय चाललंय, आपलं काय होणार?" तुमचं उत्तर एकच असे, "रविवारी नऊला टेबलं लागली पाहिजेत." तेव्हा मला त्याचा थोडा रागही यायचा. आता वाटतं, कारभार कोणाकडे आहे हे ठरेपर्यंत खाली खेळ चालू राहिला नसता, तर नव्याने आलेल्यांना सावरायला काय उरलं असतं?

जुलै 2023 मध्ये अल्टिमेट टेबल टेनिस ही लीग 2019 नंतर प्रथमच भरली, आणि तीही पुण्यात, बालेवाडीला. आपण मुलांना घेऊन गेलो होतो. सगळी पोरं खेळाडूंकडे बघत होती. तुम्ही पंचांकडे बघत होतात, आणि तुमच्या शेजारी बसलेली ती मुलगीसुद्धा.

आणि मग बुसान. तेच बुसान, जिथली स्पर्धा 2020 मध्ये रद्द झाली होती. 16 फेब्रुवारी 2024, महिला संघ चीनविरुद्ध. अयहिका मुखर्जीने जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या सुन यिंगशाला हरवलं, श्रीजा अकुलाने वांग यिदीला. लढत 2-3 अशी गेली, पण आपल्या हॉलमध्ये एका फोनभोवती वीस डोकी गोळा झाली होती आणि कोणालाच हरल्यासारखं वाटत नव्हतं. त्यानंतर क्रमवारीच्या बळावर पुरुष आणि महिला दोन्ही संघ पहिल्यांदाच ऑलिम्पिकला पात्र ठरले, पॅरिसमध्ये महिला उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेल्या. चीनविरुद्धची ती लढत संपल्यावर तुम्ही म्हणालात, "चला, आता टेबलं मोकळी आहेत, खेळा." त्या वीस जणांत लाल रेघांवरची किती होती ते मी मोजलं. सात.

सर, तुम्ही त्या वर्षांत एक रुपया मानधन घेतलं नाहीत. संघटनेने देऊ केलं तेव्हा त्या पैशांचे चेंडू आणलेत. दोन टेबलांची वरची पाटी बदलली तिचा खर्च कोणी केला हे मला उशिरा कळलं, आणि तुम्ही सांगू नको म्हणालात म्हणून मी आजवर गप्प राहिले. आज ते लिहून टाकलं. रागावू नका.

वही सध्या माझ्याकडे आहे. त्यात यंदाच्या मुलांची नावं मी भरली आहेत, जन्मतारखांसकट, आणि पुढच्या वर्षी ज्यांचा गट बदलतो त्यांच्या खाली रेघ मारली आहे. दोन नावांबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे. येत्या रविवारी नऊला टेबलं लावतोय. नेट गेज तुमच्याच खिशात राहिलंय, ते तेवढं घेऊन या.

तुमची कृतज्ञ,
जिल्ह्यातली एक प्रशिक्षक